हरलेल्या महिन्याचा पगार

उपनगरातल्या पूल पार्लरच्या भिंतीवर दोन गोष्टी ठळक अक्षरांत लिहिलेल्या असतात: तासाचा दर आणि ‘येथे धूम्रपान करू नये’. पार्लर अंधेरीचे असो, बोरिवलीचे, मुलुंडचे की घाटकोपरचे, मांडणी तीच. कुठे शॉपिंग सेंटरचे तळघर, कुठे दुसरा मजला, टेबलावर खाली उतरलेले दिवे, कोपऱ्यात थंड पेयांचा फ्रिज आणि कॉलेज सुटल्यावर येणारी पोरांची टोळकी. मुलीही येतात, पण बहुतेक ग्रुपबरोबर. एखादी मुलगी एकटी आली, खांद्यावरच्या लांबट केसमधून तिने स्वतःचा क्यू, म्हणजे खेळायची काठी, काढला, दोन तुकडे फिरवून जोडले आणि शांतपणे सरावाला लागली, तर शेजारच्या दोन टेबलांवरचा खेळ थांबतो. मग कुणीतरी विचारतेच, “प्रोफेशनल आहेस का?”

या प्रश्नाला तिने काय उत्तर द्यावे? क्रिकेटमध्ये ते सोपे आहे, कारण तिथे करार असतो, मानधन असते. स्नूकरमध्येही सोपे आहे, कारण तिथे जागतिक व्यावसायिक दौऱ्याचे ‘टूर कार्ड’ असते. ते हातात असलेले सव्वाशेच्या आसपास खेळाडू व्यावसायिक, बाकीचे हौशी. २०२१ पासून महिला स्नूकरच्या दौऱ्यातून या मुख्य दौऱ्यात दोन वर्षांची कार्डे देण्याची सोय झाली आणि इंग्लंडची रिअन इव्हान्स व हाँगकाँगची एन्ग ऑन यी यांना ती पहिल्यांदा मिळाली. महिलांच्या पूलमध्ये मात्र जगभर चालेल असे एकच कार्ड नाही. कोणी स्पर्धांच्या बक्षिसांवर जगते, कोणी शिकवण्या घेते, कोणी बँकेत नोकरी करते, आणि या सगळ्यांनाच लोक प्रोफेशनल म्हणतात. म्हणून ही रेषा नेमकी कुठे आहे आणि मुंबईच्या उपनगरातली मुलगी त्या रेषेपासून किती लांब उभी आहे, ते तपासायला हवे.

टेबलावरची पात्रता

सुरुवात खेळापासून. जागतिक महिला स्पर्धांत मुख्यतः नाइन-बॉल आणि टेन-बॉल खेळले जातात. नाइन-बॉलमध्ये टेबलावर नऊ रंगीत चेंडू असतात. पांढऱ्या चेंडूने दरवेळी सर्वांत लहान आकड्याच्या चेंडूला आधी स्पर्श करायचा आणि जो नऊ नंबरचा चेंडू नियमाने पॉकेटमध्ये घालील त्याचा डाव. टेन-बॉलमध्ये कुठला चेंडू कुठल्या पॉकेटमध्ये घालणार ते आधी सांगावे लागते, त्यामुळे नशिबाने गेलेल्या चेंडूला किंमत राहत नाही. फाउल झाला की समोरच्या खेळाडूला पांढरा चेंडू टेबलावर हवा तिथे ठेवता येतो. वरच्या दर्जाच्या सामन्यात असा एक फाउल म्हणजे बहुधा पूर्ण डाव गेला.

पार्लरमधला चांगला खेळाडू अवघड चेंडू घालतो आणि टाळ्या घेतो. व्यावसायिक खेळाडूवर अवघड चेंडू घालण्याची वेळच कमी येते. एक नंबर घालताना पांढरा चेंडू दोन नंबरसाठी कुठे थांबवायचा, आणि तोही दोनच्या कुठल्या बाजूला, म्हणजे तीनकडे जाण्याची वाट मोकळी राहील, हे तिने खाली वाकण्याआधीच ठरवलेले असते. तीन चेंडू पुढचे पाहणे हा या खेळाचा पाया आहे. पाहणाऱ्याला वाटते, हिला सगळे सोपेच चेंडू मिळताहेत.

दुसरी गोष्ट सेफ्टी. चेंडू घालणे शक्य नसेल तेव्हा पांढरा चेंडू दुसऱ्या चेंडूमागे लपवून समोरच्याला अडचणीत टाकायचे. पार्लरमध्ये याला ‘रडीचा डाव’ समजतात. मोठ्या स्पर्धांत अर्धे सामने यावरच फिरतात.

तिसरी गोष्ट सामानाची. स्पर्धेचे पूल टेबल नऊ फुटी असते, म्हणजे खेळायची जागा १०० इंच बाय ५० इंच. चेंडूचा व्यास सव्वादोन इंच. कोपऱ्यातल्या पॉकेटचे तोंड साधारण साडेचार इंच, म्हणजे दोन चेंडू जेमतेम शेजारी बसतील एवढे. अलीकडे काही मोठ्या स्पर्धांत ते चार इंचांवर आणले आहे. तिथे पॉकेटच्या ओठाला लागलेला चेंडू बाहेरच येतो. आपल्या पार्लरांत बरेचदा आठ फुटी टेबले दिसतात, पॉकेटे सैल असतात, कापड जुने आणि लवदार असते. मुंबईच्या पावसाळ्यात तर कापड ओल धरते आणि चेंडू जड चालतात. स्पर्धेच्या वातानुकूलित हॉलमधले गुळगुळीत, वेगवान कापड समोर आले की याच मुलीचा पांढरा चेंडू ठरवल्यापेक्षा हातभर पुढे जातो. मनगटाची सवय बदलायला महिने लागतात. तेव्हा पहिली अट अशी की योग्य टेबलावर पुरेसे तास मिळाले पाहिजेत. प्रतिभेचा विषय त्यानंतरचा.

आकड्यांत मोजलेला खेळ

‘चांगली खेळते’ यावर कुणी पैसे लावत नाही. म्हणून दुसरी अट मोजमापाची. गेल्या दशकात अमेरिकेत ‘फार्गो रेट’ नावाची पद्धत रुजली. नॉर्थ डाकोटा राज्यातल्या फार्गो शहरात ती जन्मली. बुद्धिबळातल्या रेटिंगसारखीच तिची रीत आहे. कोण कुणाशी किती डाव जिंकला, हरला, याच्या नोंदींवरून प्रत्येकाला एक आकडा मिळतो. दोघांत १०० गुणांचा फरक असेल तर वरचा खेळाडू दर दोन डाव जिंकताना खालचा एक जिंकेल, २०० चा फरक असेल तर चारास एक, असा त्याचा अर्थ.

या मोजपट्टीवर हौशी लीगमध्ये नियमित खेळणारा साधारण खेळाडू ४०० ते ५०० च्या आसपास असतो. पुरुषांतले अव्वल ८५० च्या जवळ जातात. स्त्रियांतल्या अव्वल खेळाडू ७५० ते ८०० च्या पट्ट्यात दिसतात. म्हणजे पार्लरचा ‘राजा’ एक डाव जिंकेपर्यंत जागतिक दर्जाची बाई पाच-सहा डाव जिंकेल. आणि तिच्यात व अव्वल पुरुषात जो फरक आहे तो या राजाच्या आणि तिच्यातल्या फरकापेक्षा कितीतरी कमी आहे.

हा फरक तरी का, यावर खूप वाद झाले आहेत. ब्रेकमधला, म्हणजे डाव सुरू करणाऱ्या पहिल्या फटक्यातला जोर हे एक कारण पुढे केले जाते, आणि त्यात थोडे तथ्य असेलही. पण बाकीचा खेळ नजर, मनगट आणि डोके यांचा आहे. मोठे कारण संख्येचे वाटते. लहान वयात क्यू हातात घेणाऱ्या मुलग्यांची संख्या मुलींच्या अनेकपट असेल, तर वरच्या टोकाला मुलगेच जास्त दिसणार. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये जीन बालुकास या मुलीला लहानपणीच टेबल मिळाले. १९७२ मध्ये, वयाच्या तेराव्या वर्षी तिने यूएस ओपनचे महिला विजेतेपद मिळवले आणि पुढे सलग अनेक वर्षे ते राखले. मोठी झाल्यावर ती पुरुषांच्या स्पर्धांतही उतरली. महिला खेळाडूंच्या संघटनेशी झालेल्या वादातून १९८८ मध्ये ती ऐन भरात स्पर्धांपासून दूर झाली आणि परतली नाही. मोजमाप कितीही चोख असले तरी खेळाडूला धरून ठेवायला आणखी काही लागते, याचा हा जुना दाखला.

स्वतःचा दौरा उभा करणाऱ्या

ते आणखी काही म्हणजे वेळापत्रक. वर्षात कुठल्या महिन्यात कुठे खेळायचे, तिथे काय मिळेल आणि पुढच्या वर्षीही ते होईल का, हे माहीत असणे ही तिसरी अट.

अमेरिकेतल्या महिला खेळाडूंनी ‘विमेन्स प्रोफेशनल बिलियर्ड असोसिएशन’ ही संघटना १९७६ मध्ये काढली. बरीच वर्षे त्यांच्या स्पर्धा पुरुषांच्या स्पर्धांच्या शेपटाला बांधलेल्या असत. १९९३ च्या सुमारास त्यांनी वेगळी चूल मांडली आणि स्वतःचा ‘क्लासिक टूर’ सुरू केला. ईएसपीएन वाहिनीने सामने दाखवायला घेतले. अठराव्या वर्षी क्यू हाती धरलेली, पाठीच्या कण्याच्या विकाराशी झुंजणारी जनेट ली काळ्या पोशाखात ‘ब्लॅक विडो’ म्हणून घराघरांत पोचली. पूल न खेळणारेही तिला ओळखू लागले.

याच दौऱ्याकडे पाहून १९९५ मध्ये ॲलिसन फिशरने इंग्लंड सोडले. ती तेव्हा स्नूकरची सात वेळा महिला विश्वविजेती होती. पुढे आणखी काय जिंकायचे, हा प्रश्न तिच्यापुढे नव्हता. जिंकून पोट कसे भरायचे, हा होता. बारा फुटी टेबलावरून ती नऊ फुटी टेबलावर आली, नवे नियम शिकली आणि जागतिक नाइन-बॉल विजेतेपद चार वेळा मिळवले. तिच्यामागून उत्तर आयर्लंडची कॅरेन कॉर आली, नंतर पाच वेळा स्नूकरची विश्वविजेती झालेली केली फिशर आली. तिघींनाही स्नूकर जास्त जमत होते, पण पैसे पूलमध्ये होते. कौशल्य वेळापत्रकाच्या मागे जाते, हे यातून दिसते.

आणि वेळापत्रक टीव्हीच्या मागे जाते. २००८ च्या मंदीनंतर वाहिनीचा आणि प्रायोजकांचा पैसा आटला, स्पर्धांची संख्या घसरली. जगातल्या उत्तम खेळाडू शिकवणी शिबिरे, प्रदर्शनी सामने आणि क्यू कंपन्यांच्या जाहिराती यांवर निभावू लागल्या. खेळ तोच होता, हात तेच होते, एका करारावर सगळे उभे होते एवढेच.

आशियातले चित्र याच सुमारास बदलत होते. चीनची पान श्याओतिंग २००७ मध्ये विश्वविजेती झाली. फिलिपिन्सची रुबिलेन अमित २००९ आणि २०१३ ची टेन-बॉल विश्वविजेती. तिने २०२४ मध्ये न्यूझीलंडच्या हॅमिल्टनमध्ये नाइन-बॉलचे जागतिक विजेतेपदही घेतले, म्हणजे पहिल्या किताबानंतर पंधरा वर्षांनी. तैवान, कोरिया, चीन, फिलिपिन्स हे या खेळाचे आजचे बालेकिल्ले आहेत. भारत त्या यादीत नाही.

मुंबईचे हौशी विश्वविजेते

खरे तर भारत त्या यादीत असायला हवा होता. स्नूकर हा खेळच १८७५ मध्ये जबलपूरच्या लष्करी मेसमध्ये जन्माला आला. आणि मुंबई तर क्यूच्या खेळांची राजधानी. पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स १९५८ मध्ये कलकत्त्याला जागतिक हौशी बिलियर्ड्स विजेते झाले. वैयक्तिक खेळात विश्वविजेते झालेले ते पहिले भारतीय. मायकेल फरेरा १९७७, १९८१ आणि १९८३ मध्ये विश्वविजेते झाले. १९७८ च्या राष्ट्रीय स्पर्धेत त्यांनी ११४९ गुणांचा ब्रेक, म्हणजे एका सलग खेळीत तेवढे गुण, केला. गावसकरांना पद्मभूषण मिळते तर मलाही मिळावे, असे म्हणून १९८१ मध्ये त्यांनी पद्मश्री नाकारली आणि दोन वर्षांनी पद्मभूषण घेतले. पुढे यासिन मर्चंट आले, आदित्य मेहता आला. २०१३ मध्ये दिल्लीच्या इंडियन ओपनची अंतिम फेरी गाठून मेहताने व्यावसायिक दौऱ्यावर भारताचे नाव नेले. आज ईशप्रीत सिंग चढ्ढा त्या दौऱ्यावर खेळतो आहे. तोही मुंबईचाच.

या परंपरेत दोन गोष्टी ठळक आहेत. पहिली, जोन्स आणि फरेरा या दोघांचे सर्वांत मोठे किताब ‘हौशी’ या शिक्क्याचे आहेत. जगात अव्वल असूनही पोटासाठी त्यांना दुसरे काही करावे लागले आणि त्यात कुणाला वावगे वाटले नाही. दुसरी, या यादीत बाई नाही.

कारण टेबले जिथे होती तिथे बायका नव्हत्या. मुंबईतला हा खेळ जिमखान्यांत आणि क्लबांत वाढला: चर्चगेटला क्रिकेट क्लब ऑफ इंडिया, वरळीला नॅशनल स्पोर्ट्स क्लब ऑफ इंडिया, पश्चिम उपनगरात खार जिमखाना. बिलियर्ड्सची खोली ही वडीलधाऱ्या सभासदांची, पुरुषांची जागा समजली जाई. तिथे शिकवायला ‘मार्कर’ असे. गुण मोजणारा, टेबल पुसणारा, क्यूची टीप बसवून देणारा हा पगारी माणूस पुष्कळदा सभासदांपेक्षा सरस खेळे, आणि नवशिक्याला कोपर कुठे चुकते ते तोच सांगे. सभासदाच्या मुलाला मार्कर फुकट मिळाला. मुलीला खोलीच्या दारातून आत जायलाच वेळ लागला. ज्या घरात सभासदत्व नव्हते, त्या घराचा तर प्रश्नच नव्हता.

बंगळुरूला काय जमले

भारतीय महिलांची यादी काढली तर एक शहर पुन्हा पुन्हा येते. आर. उमादेवी बंगळुरूच्या, चित्रा मगिमैराज बंगळुरूच्या, विद्या पिल्लई कर्नाटकाकडून खेळणाऱ्या, वर्षा संजीव आणि कीर्तना पांडियनही तिथल्याच. इंदूरने अमी कमानी दिली, चेन्नईने अनुपमा रामचंद्रन. अनुपमाने नोव्हेंबर २०२५ मध्ये दोह्यात एन्ग ऑन यीला हरवून आंतरराष्ट्रीय बिलियर्ड्स व स्नूकर महासंघाचे (आयबीएसएफ) जागतिक महिला स्नूकर विजेतेपद घेतले. महाराष्ट्राकडून सर्वांत ठळक नाव अरांचा सँचिसचे, आणि ती पुण्याची.

उमादेवींची गोष्ट मुद्दाम सांगण्यासारखी आहे. त्या कर्नाटक सरकारच्या नोकरीत टायपिस्ट होत्या. कचेरीनंतर क्लबात टेबल टेनिस खेळायला जात. एकदा टेबलासाठी ताटकळत असताना त्यांनी शेजारच्या खोलीतला क्यू हातात घेतला. तेव्हा त्या तिशीत होत्या. २०१२ मध्ये त्या महिला बिलियर्ड्सच्या विश्वविजेत्या झाल्या. चित्रा मगिमैराज हॉकी खेळायच्या. दुखापतीने हॉकी सुटली, क्यू हाती आला आणि त्याही बिलियर्ड्सच्या विश्वविजेत्या झाल्या. विद्या पिल्लई २०१७ मध्ये सिंगापूरला महिला स्नूकरच्या जागतिक अंतिम सामन्यात एन्ग ऑन यीकडून ५-६ अशा फरकाने, शेवटच्या फ्रेममध्ये हरल्या.

बंगळुरूच्या पाण्यात काही वेगळे नाही. तिथे कर्नाटक राज्य बिलियर्ड्स संघटनेचा स्वतःचा हॉल आहे. चांगली टेबले, शिकवणारी माणसे आणि एकाच छताखाली सराव करणारे विश्वविजेत्या पंकज अडवाणीसारखे खेळाडू. तिशीतली सरकारी टायपिस्ट आणि शाळकरी मुलगा एकाच खोलीत खेळू शकत असतील, तर त्या खोलीतून विश्वविजेते निघतात. मुंबईत एकीकडे महागडे सभासदत्व आणि दुसरीकडे तासावर भाड्याचे पार्लर. मधली जागा रिकामी आहे.

उपनगराचा हिशेब

आता समजा, घाटकोपरची एक मुलगी हे सगळे जाणून खेळायचे ठरवते. हिशेबापुरता टेबलाचा दर तासाला २०० रुपये धरू. रोज तीन तास, महिन्याचे पंचवीस दिवस, म्हणजे ७५ तास. महिन्याला १५,००० आणि वर्षाला १,८०,००० रुपये फक्त टेबलाचे. दुपारी पार्लर ओस असते तेव्हा मालक निम्म्यात देईल, तरी ९०,०००. शिवाय क्यू, ब्रेकसाठी वेगळा क्यू, टीप बदलण्याचा खर्च, प्रशिक्षक, राज्य आणि राष्ट्रीय स्पर्धांची प्रवेश फी, रेल्वेचे भाडे, परगावी राहण्याचा खर्च. मध्यमवर्गीय घरात एवढ्या पैशांत एका मुलाच्या इंजिनिअरिंगच्या क्लासची फी भागते, आणि तिथे शेवटी पदवी तरी हातात पडते.

पैशाखेरीजचा खर्च कुठल्याही वहीत मांडला जात नाही. सराव करायचा तर स्वस्त वेळ दुपारची, आणि त्याच वेळी कॉलेज. संध्याकाळी दर चढतो, गर्दी वाढते. पूलचा फटका मारायला कमरेत वाकावे लागते, हनुवटी क्यूवर आणावी लागते. अनोळखी पोरांनी भरलेल्या खोलीत असे तासन्‌तास वाकणे म्हणजे काय, हे कुठल्याही मुलीला विचारा. त्या नजरांची सवय करून घ्यावी लागते, कपडे विचार करून घालावे लागतात, आणि सल्ले ऐकून घ्यावे लागतात. एकट्या मुलाला पार्लरमध्ये कुणी न मागता शिकवत नाही. मुलीला सगळेच शिकवतात, तिच्याइतके न खेळणारेही. रात्री साडेनऊला क्यूची केस सांभाळत बायकांच्या डब्यातून घरी जायचे, आणि घरी ‘हे पार्लर म्हणजे नक्की कुठे आहे’ याचे उत्तर द्यायचे. पार्लर हा सिगारेटचा, सट्ट्याचा अड्डा, ही समजूत आईबापांनी हवेतून काढलेली नाही. काही पार्लरांनी ती कमावली आहे.

इतके करून ती राज्य निवड चाचणीत येते, भारतीय बिलियर्ड्स व स्नूकर महासंघाच्या राष्ट्रीय स्पर्धेत महिलांच्या पूल गटात खेळते, समजा उपांत्य फेरीपर्यंत जाते. टाळ्या मिळतात, प्रमाणपत्र मिळते. पुढच्या महिन्याचे टेबलभाडे मात्र पुन्हा घरूनच येते.

पगार कोण देणार

चौथी अट इथे आहे, आणि माझ्या मते रेषा नेमकी इथेच आहे. जिंकल्यावर पैसे मिळतात म्हणून कोणी व्यावसायिक होत नाही. तसे तर दहा हजारांची गल्लीतली स्पर्धा मारणाराही जिंकल्यावर पैसे घेतो. हरलेल्या महिन्यातही जिच्या खात्यात काहीतरी जमा होते आणि म्हणून जी पुढच्या महिन्यात परत टेबलावर उभी राहू शकते, ती व्यावसायिक. प्रत्येक मोठ्या खेळाडूच्या आयुष्यात हरलेले महिने जिंकलेल्या महिन्यांहून जास्त असतात. ते पार करायला दरमहा येणारा पैसा लागतो.

आपल्याकडे हे कोडे एका खेळाने आपल्या पद्धतीने सोडवले आहे. तो खेळ म्हणजे कॅरम, पूलचा आपल्या घरातला भाऊ. कॅरमच्या बक्षिसांवर कुणी जगत नाही. पण विश्वविजेती रश्मी कुमारी ओएनजीसीत आहे, विश्वविजेती अपूर्वा एलआयसीत आहे, मुंबईचा विश्वविजेता प्रशांत मोरे रिझर्व्ह बँकेत आहे. पगार कचेरीचा आणि सराव खेळाचा, ही जुनी मुंबई रीत. कबड्डीच्या मुलींनाही रेल्वेच्या नोकऱ्यांनी वर्षानुवर्षे तारले. क्यूच्या खेळांतही पेट्रोलियम कंपन्यांचा संघ राष्ट्रीय स्पर्धांत उतरतो आणि पंकज अडवाणी ओएनजीसीचाच. उमादेवींना विश्वविजेती होईपर्यंत सरकारी पगार होता. त्या तिशीत क्यू धरू शकल्या याचे अर्धे श्रेय त्या पगाराला द्यायला हवे. त्यांना हौशी म्हणायचे तर खुशाल म्हणावे, पण जगातल्या कित्येक ‘प्रोफेशनल’ बायकांपेक्षा त्यांच्या पायाखालची जमीन पक्की होती.

दुसरी वाट लीगची. ऑगस्ट २०१७ मध्ये अहमदाबादला ‘क्यू स्लॅम’ नावाची लीग झाली. पाच संघ, नाइन-बॉल आणि सिक्स-रेड स्नूकर, आणि विशेष म्हणजे एकाच संघात पुरुष आणि स्त्रिया. ती वर्षानुवर्षे चालली असती तर आज हा लेख वेगळा असता. कबड्डीत २०१४ पासून पुरुषांची प्रो लीग भरभराटीला आली. मुलींसाठी २०१६ मध्ये त्याच मंचावर एक छोटी स्पर्धा झाली, आणि पुढच्या मोसमात ती नव्हती. एका मोसमाची लीग म्हणजे जाहिरात. व्यवसाय उभा राहायला दहा मोसम लागतात.

कोरियाने मात्र टिकणारा दौरा उभा करून दाखवला आहे. किम गा-यंग २००४, २००६ आणि २०१२ ची नाइन-बॉल विश्वविजेती. २०१९ मध्ये कोरियात थ्री-कुशनचा, म्हणजे बिनपॉकेटच्या टेबलावरच्या बिलियर्ड्सचा, व्यावसायिक दौरा सुरू झाला, महिलांसाठी स्वतंत्र दौऱ्यासह. किम पूल सोडून तिकडे गेली आणि त्या दौऱ्यावरची सर्वांत यशस्वी खेळाडू ठरली. वर्षभराने सांघिक लीगही आली. तिथे वित्तसंस्था आणि कंपन्या संघ बाळगतात. किम ‘हाना कार्ड’च्या संघाची. ॲलिसन फिशर स्नूकर सोडून पूलकडे गेली, किम पूल सोडून थ्री-कुशनकडे. जिथे खात्रीचे उत्पन्न, तिथे खेळाडू. बायकांनी खेळावरच्या प्रेमापोटी फुकट खेळत राहावे ही अपेक्षा फक्त प्रेक्षकांची असते.

उपनगरात काय करता येईल

टेबलाचे तास, चोख मोजमाप, भरवशाचे वेळापत्रक आणि हरलेल्या महिन्याचा पगार, या चार अटींपैकी शेवटची सर्वांत अवघड आहे. पहिल्या तीन मात्र उपनगराच्या आवाक्यात आहेत, आणि त्यांना कोट्यवधी रुपये लागत नाहीत.

दुपारी बारा ते चार पार्लरची टेबले रिकामी असतात. त्यातले दोन तास आठवड्यातून तीन दिवस मुलींच्या सरावाला निम्म्या दरात दिले, तर मालकाचे काही जात नाही. मुली एकत्र आल्या की नजरांचा प्रश्नही निम्मा होतो, कारण त्रास एकटीला होतो, सहाजणींना होत नाही. घाटकोपरचा जॉली जिमखाना, मुलुंड जिमखाना, गोरेगाव स्पोर्ट्स क्लब यांच्यासारख्या उपनगरी संस्थांनी सभासद नसलेल्या होतकरू मुलींसाठी खेळाडू-सभासदत्वाच्या काही मोजक्या जागा ठेवाव्यात. पोहणे आणि बॅडमिंटनमध्ये अशी सोय आपल्या शहराला नवी नाही. अंधेरीच्या शहाजीराजे क्रीडासंकुलासारख्या पालिकेच्या पैशाने उभ्या जागेत दोन नऊ फुटी टेबले बसली, तर पार्लर आणि जिमखाना यांच्यामधली रिकामी जागा भरायला सुरुवात होईल.

मोजमापाला तर एक वही पुरे. चार उपनगरांतल्या मुलींची महिन्यातून एका रविवारी लीग, प्रत्येक सामन्याच्या डावांची नोंद, आणि वर्षअखेर जाहीर यादी. त्या नोंदींतून रेटिंग काढता येते, आणि रेटिंग असलेली खेळाडू प्रायोजकापुढे किंवा कंपनीच्या क्रीडा अधिकाऱ्यापुढे आकडा ठेवू शकते. ‘मी चांगली खेळते’ यापेक्षा ‘माझे रेटिंग साडेसहाशे आहे, गेल्या वर्षी पाचशे ऐंशी होते’ हे वाक्य नोकरीच्या मुलाखतीत जास्त बोलते. राज्य संघटनेने महिलांच्या पूल स्पर्धांच्या तारखा वर्षाच्या सुरुवातीलाच जाहीर करायला हव्यात, म्हणजे मुलीला परीक्षा आणि स्पर्धा यांचा मेळ घालता येईल. आणि ज्या सार्वजनिक कंपन्या, बँका कॅरमपटूंना नोकऱ्या देतात, त्यांनी त्याच यादीत महिला पूल खेळाडूंसाठी एक ओळ वाढवावी. पुरुषांना ती ओळ कधीच मिळालेली आहे.

तुमच्या घरातली मुलगी उद्या क्यू विकत मागेल तर तिला ‘यात पुढे काय?’ असे जरूर विचारा. प्रश्न रास्तच आहे. फक्त त्याचे उत्तर तिच्या एकटीकडून मागू नका. ते पार्लरच्या मालकाने, जिमखान्याच्या कार्यकारिणीने, संघटनेच्या सचिवाने आणि कंपनीच्या क्रीडा विभागाने द्यायचे आहे. तिच्या हातात सरावाचे तास आहेत. ते ती देईल. बाकीच्यांनी आपला वाटा उचलल्याशिवाय अंधेरी ते मुलुंड या पट्ट्यातून एकही व्यावसायिक महिला पूल खेळाडू उभी राहणार नाही.